बिऱ्हाडातील पाचवा जीव

वसईच्या आमच्या पट्ट्यात आखाताचे नाव निघत नाही असे घर विरळाच. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाची सून मस्कतला, कुणाचा जावई दुबईला. या मंडळींनी तेथून काय पाठविले याचा हिशेब गावाला तोंडपाठ असतो. नव्या बंगल्याच्या दर्शनी भागावरून तो कुणालाही वाचता येतो. तेथे त्यांचा संसार कसा चालतो, मुले कशी वाढतात, हे मात्र फारसे कुणी विचारीत नाही. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या भाच्याने आग्रहाने बोलाविल्यावरून आम्ही पंधरा दिवस दुबईस राहिलो. त्या मुक्कामात आमचा सर्वांत अधिक सहवास घडला तो घरातील मांजरीशी. वाचकहो, हसू नका.

भाच्याचे बिऱ्हाड करामा भागात, दोन खोल्यांचे. पहाटे साडेपाचला दिवे लागतात, साडेसहाला शाळेची बस येते. पतिपत्नी दोघेही नोकरीत. अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी दुपारी परततात ती कुलूप उघडून, आणि दार आतून बंद करून बसतात. संध्याकाळपर्यंत घरात आजी नाही, काकू नाही, वाडीतून हाक मारणारे कुणी नाही. आमच्या बालपणी जनावर 'पाळणे' हा शब्दच कुणी उच्चारीत नसे. गोठ्यात बैल होते, म्हैस होती, अंगणात कोंबड्या होत्या आणि बावखलाच्या काठी आम्ही सारेच एकत्र चिखलात असू. तिसऱ्या मजल्यावरील बंद दाराआडच्या या दोन मुलांना मात्र एकच जनावर लाभले होते, आणि तेही वारशाने.

समोरच्या सदनिकेत एक केरळी कुटुंब राहत असे. २०२० च्या महामारीत त्या गृहस्थांची नोकरी गेली आणि ती मंडळी घाईने मायदेशी परतली. जाताना मांजर यांच्या हवाली केली, 'दोन महिन्यांपुरती' म्हणून. ते दोन महिने कधी संपलेच नाहीत. मुलांनी तिचे नाव 'बिस्कीट' ठेवले.

तेथे प्राणी पाळणे सोपे नव्हे. घरमालकाची संमती हवी, कातडीखाली ओळखीची चकती हवी, नगरपालिकेकडे नोंद हवी, दरवर्षी रेबीजची लस टोचावी लागते. कुत्रा असेल तर कसरत अधिक. २०१६ च्या कायद्यानुसार त्याला साखळीवाचून बाहेर नेता येत नाही, बहुतेक सार्वजनिक बागांत मज्जाव, आणि उन्हाळ्यात पदपथ असा तापतो की सूर्य वर येण्याआधीच त्याला फिरवून आणावे लागते. मांजर त्या मानाने शहाणी. ती खिडकीत बसून वाळवंट पाहते.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आईवडील मुलांशी इंग्रजीतच बोलत. शाळेसाठी ते आवश्यक, असे त्यांचे म्हणणे. (ते आम्हाला पटलेले नाही, पण पाहुण्याने किती बोलावे?) परंतु भाचेसून मांजरीला रागे भरे किंवा जवळ घेई, तेव्हा तिच्या तोंडून आपली सामवेदी बोली सहज बाहेर पडे. मुलांना त्या बोलीतले जे वीसपंचवीस शब्द येत होते, ते सारे मांजरीला उद्देशून ऐकलेले होते.

त्या घरात मोठे कपाट नव्हते, भिंतीला खिळे नव्हते. कोणतीही वस्तू घेताना 'जाताना हिचे काय करायचे?' हा प्रश्न आधी येई. अमिरातीत जन्मलेल्या परकीयांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आणि सर्वांचा मुक्काम एका नोकरीच्या दोरीला बांधलेला. एका रात्री जेवताना मुलाने विचारले, "फादर आजोबा, आम्ही वसईला आलो की बिस्कीट कुठे राहील?" आमच्या आधी त्याचा बापच म्हणाला, "देऊ कुणाला तरी." मुलगा म्हणाला, "एकदा दिलेलीच आहे ना ती?" पुढे बराच वेळ कुणी बोलले नाही.

मुले होऊ न देता कुत्री-मांजरे सांभाळणाऱ्या जोडप्यांविषयी पोप फ्रान्सिस ५ जानेवारी २०२२ रोजी कठोर बोलले होते, आणि माणसाच्या वाट्याची माया प्राण्यांवर उधळू नये असे ख्रिस्तसभेचा धर्मोपदेशही सांगतो. आम्ही स्वतः हे व्यासपीठावरून सांगितले आहे व पुन्हा सांगू. परंतु या घरात मांजर मुलाच्या जागी आलेली नव्हती. आजीची, चुलत भावंडांची जी जागा रिकामी होती, तीत ती येऊन बसली होती. आम्ही मुलांना तोबीतची कथा सांगितली. तेही निनवेत हद्दपारीत राहणारे कुटुंब. पोरगा राफाएल दूतासोबत दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा घरचा कुत्रा मागोमाग जातो, आणि परततानाही सोबत असतो. कुत्र्याचे नाव काय, असे धाकटीने विचारले. सेमिनरीत इतकी वर्षे शिकूनही आम्हाला त्याचे उत्तर देता आले नाही, कारण पवित्र ग्रंथानेच ते दिलेले नाही.

२०२४ च्या मार्चअखेर भाच्याचा करार संपला. सामान विकले गेले, परंतु मांजरीचे कागद मुलाने बापाच्या मागे लागून तीन महिने आधीच करवून घेतले होते. दोन वर्षे परदेशी राहून कायमचे परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी आणता येतात. त्यासाठी लसीचे दाखले, आरोग्याचा दाखला आणि आपल्या सरकारच्या पशू विलगीकरण खात्याचे ना-हरकत पत्र लागते. मांजरीचा खर्च भाच्याच्या स्वतःच्या तिकिटाहून अधिक झाला. आमची बहीण, म्हणजे मुलांची आजी, संतापली: "माणसं गाडीला लोंबकळून जातात, आणि मांजराला विमान!"

पहिले दोन महिने बिस्कीट ओटीखाली उतरली नाही. मातीला पाय लावायची आणि मागे घ्यायची. धाकटी नातही तशीच, कोंबडीला भिऊन खुर्चीवर चढून बसणारी. बहीण अजून म्हणते की ती मांजर तिची नव्हे, परंतु बोंबलाची डोकी बाजूला काढून ठेवते, आणि दिवसभर तिच्याशी बोलते ते आपल्या बोलीत. मुलगा जवळच अभ्यास करीत असतो. त्याचे मराठीचे गुण मात्र अद्याप सांगण्याजोगे नाहीत.

त्याने त्या केरळी कुटुंबाला पत्र धाडून मांजर वसईत सुखरूप असल्याचे कळविले. तिकडच्या मुलीचे उत्तर आले. ती मुलगी मांजरीला 'अम्मू' म्हणत असे. अजून ती त्या नावाला ओळखते का, एवढेच तिने विचारले होते. मुलाने ओटीवरून हाक मारून पाहिली. केळीखाली पडलेल्या मांजरीने मान वळविली नाही, पण एक कान तेवढा टवकारला. बहीण म्हणाली, "दोन दोन नावं कशाला? मी आपली हिला माऊच म्हणणार."