चिंचोके आणि पांढरा वाघ

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन सिद्धार्थ उद्यानात गेले होते. बसस्थानकाजवळचं हे महापालिकेचं प्राणिसंग्रहालय आमच्या शहरातल्या मुलांना पाठच असतं. मगर, माकडं भराभर उरकून स्वारी पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यापाशी थांबली, ती हलेचना. "मावशी, हा पांढरा झाला, मग पट्टे काळेच कसे राहिले?"

प्रश्न फार नेमका होता. 2013 साली चिनी संशोधकांनी त्याचं उत्तर शोधलं. वाघाच्या एका जनुकात एक बारीकसा बदल झाला की केसांतला पिवळा-तांबूस रंग तयार होत नाही. काळा मात्र होतो. हे तिला लगेच पटलं. पण पुढचा प्रश्न आलाच : "मग आईबाबा पिवळे असले तर?"

त्यासाठी घरी आल्यावर चिंचोके काढले. मधोमध फोडलेला चिंचोका एका अंगाने पांढरा, दुसऱ्या अंगाने तपकिरी. अष्टचंग्याला आपण हेच तर वापरतो. एक चिंचोका आईचा, एक वडिलांचा. दोघंही पिवळे, पण दोघांच्यातही पांढरा गुण दडलेला. दोन्ही पांढरे पडले तरच बछडं पांढरं. ती दान टाकत गेली, वहीत रेघा ओढत गेली. सुरुवातीला पांढरं बछडं पडेचना. "तुझं गणित चुकलंय," ती ठणकावून म्हणाली. मी म्हटलं, टाकत राहा. वहीचं पान भरत आलं तसा पांढऱ्यांचा वाटा चौथ्या हिश्शाच्या जवळ जाऊ लागला. थोड्या दानांवरून निकाल लावायचा नसतो, हे तिला त्या रेघांनी शिकवलं. मी नुसतं सांगून ते उतरलं नसतं.

मग मोहनची गोष्ट सांगितली. 1951 मध्ये रीवाच्या महाराजा मार्तंड सिंहांनी हा पांढरा बछडा पकडून गोविंदगडच्या वाड्यात ठेवला. बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीपासून त्याला झालेली सगळी पिल्लं पिवळीच. पुढे त्यांच्यातल्याच राधाशी, म्हणजे स्वतःच्या मुलीशी, त्याची जोडी लावली आणि 1958 मध्ये चार बछडी झाली, चारही पांढरी! मोहनचा चिंचोका दोन्हीकडून पांढरा, म्हणून दान फक्त राधाचं. तिने बोटांवर निम्मं-निम्मं केलं : एका बछड्याला दोनात एक, दोघांना चारात, तिघांना आठात, चौघांना सोळात एक. पाचवीतल्या मुलीने घातांक हा शब्द ऐकण्याआधीच तो वापरला, याचा मला फार आनंद झाला.

बाप-मुलीची जोडी ऐकून तिचा चेहरा उतरला. तेही सांगायलाच हवं होतं. बंदिवासातले बहुतेक पांढरे वाघ मोहनच्याच वंशातले मानले जातात, आणि नात्यातल्या जोड्यांमुळे अनेकांच्यात जन्मजात दोष उतरले. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही; तो आपला पट्टेरी वाघच.

आमच्या शहरातल्या मिटमिट्याच्या सफारी पार्कसाठीही महापालिकेला माझी एक विनंती आहे : तिथल्या वाघांपाशी मोहनची वंशावळ मोठ्या अक्षरांत लावा, आणि खाली दोन चिंचोके काढायला विसरू नका.