घट बसण्याआधी

पितृपंधरवडा सरत आला की भोर-वेल्ह्याच्या गावांतून एक मोठे धुणे निघते. घटस्थापनेपूर्वी घरातले अंथरूण-पांघरूण म्हणून जे जे असेल ते पाण्यातून निघालेच पाहिजे, असा दंडक आहे. गोधड्या, वाकळा, चादरी नदीवर किंवा विहिरीवर जातात, गाद्यांना ऊन दाखवले जाते. कामथडीचे आमचे घर या नियमाला अपवाद नाही. घरात अपवाद एकच आहे आणि तो बाहेरच्या खोलीत तिघांची जागा अडवून बसला आहे. तो म्हणजे सोफा.

गादीचे अंतरंग कधी गुप्त नव्हते. खोळ उसवली की कापूस दिसे. त्याचे गोळे झाले तर दारावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याला हाक मारावी, त्याने तातीचा आवाज काढीत अंगणभर कापूस उडवावा आणि संध्याकाळी गादी पुन्हा तरुण व्हावी. सोफ्याचे पोट मात्र चुका ठोकून बंद केलेले असते. आत लाकडी सांगाडा, स्प्रिंगा, गोणपाट, काथ्या आणि फोम. ज्या पॉलियुरेथेनपासून हा फोम होतो ते ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत १९३७ साली शोधून काढले. फोम पाणी झटकन पितो आणि सोडताना मात्र फार चिकटपणा करतो. म्हणून सोफा भिजवला की वरून वाळलेला दिसतो आणि आतून कुबट होत जातो.

भाषेचे अध्यापन करणाऱ्या माणसास कामाला हात घालण्यापूर्वी शब्दाची व्युत्पत्ती आठवते. हा बहुधा काम टाळण्याचा प्रकार असावा. सोफा मूळचा अरबी ‘सुफ्फा’. दिवाण फारसीतून आला. आधी हिशेबाची वही, मग कचेरी, मग दरबार आणि शेवटी बसण्याची बैठक. गादी तर मराठीत सत्तेचेच नाव आहे: सातारची गादी, कोल्हापूरची गादी. खुर्चीबद्दल आम्ही वेगळे काय सांगावे? मऊ आसनाच्या जवळपास प्रत्येक शब्दाला मानाचा वास आहे. त्यावर कोण बसणार, हे शब्दानेच जणू आधी ठरवून टाकले आहे. हा विचार आम्हांस त्या वेळी गमतीचा वाटला होता.

तर यंदा मातोश्रींनी फर्मावले, “घट बसायच्या आत एवढं सोफ्याचं बघ.” त्यांचे गुडघे गेले आहेत, नदीवरचे धुणे या वर्षी त्यांच्याकडे नाही. आम्ही सुट्टी काढून पुण्याहून आलो.

आमचे घर पुणे-सातारा महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. रस्त्याच्या सहापदरीकरणाचे काम २०१० साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले; त्या सगळ्या काळाची धूळ या सोफ्यात असणार. पहिले काम तिचे. चादर ओली करून घट्ट पिळली, सोफ्यावर अंथरली आणि वरून काठीने बडवले. धूळ खोलीत न उडता चादरीला चिकटते. चादर उचलली तेव्हा तिचा मातकट रंग पाहून आम्हांस लंडनचा ह्यूबर्ट सेसिल बूथ आठवला. त्याने १९०१ साली धूळ ओढून घेणारे यंत्र बनवले. त्याआधी एका उपाहारगृहातल्या गादीच्या आसनावर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली, ठसका लागला, पण रुमालावरचा काळा डाग पाहून तो हरखला, असे सांगतात.

मग डागांची पाळी. तेलकट डागावर खाण्याचा सोडा भुरभुरावा, तासभर राहू द्यावा, कोरड्या ब्रशने झाडावा. उरलेल्यासाठी रिठ्याचा फेस घ्यावा. पाणी नव्हे, फक्त फेस. आणि तोही आधी मागच्या बाजूस, कुणाला न दिसेल अशा जागी लावून रंग जातो का ते पाहावे.

डाग पुसताना घराचा नकाशा दिसू लागला. डावीकडे पाठीवर वडिलांच्या डोक्याचा जुना डाग, उजव्या हातावर आमच्या चहाचा, मधे पाहुण्यांचा मळ. मातोश्रींची जागा कुठे दिसेना. आणि मग खाली, बैठकीच्या पुढच्या कडेला, जमिनीपासून हातभर उंचीवर खोबरेल तेलाचा एक गोल डाग सापडला.

आम्ही ओळखला. वीस वर्षे आम्ही वर बसलो आणि त्या खाली, फरशीवर. निवडणे-टिपणे झाले, मालिका लागली, की दमलेले डोके त्या मागे कडेला टेकत. “वर बस ना,” असे आम्ही म्हणत असू. “नको, मळतो,” असे त्या म्हणत. आणि त्या उत्तराने आमचे समाधान होत असे. नोकरीतल्या पहिल्या मोठ्या पैशांतून आईला आराम मिळावा म्हणून आम्हीच तो सोफा घेतला होता. असो.

“राहिला का डाग? घास जरा जोरात,” त्या दारातून म्हणाल्या. तो डाग तसाच ठेवावा, असे आम्हांस वाटले होते. पण ते वाटणे आमच्यासारख्या वर बसणाऱ्याचे होते. त्यांच्या दृष्टीने तो निव्वळ मळ. आम्ही सोडा टाकला, घासले. बराचसा गेला.

डॉक्टरांनी खाली बसण्यास मनाई केली आहे. घट बसले त्या संध्याकाळी मातोश्रींनी स्वच्छ सोफ्यावर एक जुने धुतलेले लुगडे अंथरले आणि त्या कडेवर बसल्या. पाठ मात्र त्यांनी अजून टेकलेली नाही.