सदतिसावा तास

'हॅक' हा शब्द व्यापारी घरात शिरतो तो बहुधा वाईट बातमीसोबतच. खात्यातील रक्कम परस्पर वळती झाली, कुणाचा मोबाइल परक्याच्या ताब्यात गेला, असे काही घडले की तो कानी पडतो. त्यामुळे अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातीने 'हॅकेथॉनमध्ये भाग घ्यायचा आहे' असे सांगितले, तर गादीवर बसलेल्या आजोबांच्या कपाळी आठी पडणे स्वाभाविकच आहे. वास्तविक या शब्दाचा चोरीशी काहीही संबंध नाही. संगणकाच्या जगात 'हॅक' म्हणजे अडलेल्या कामावर चटकन शोधलेली युक्ती. तिला मॅरेथॉनची जोड मिळाली आणि हॅकेथॉन हा शब्द जन्मास आला. 1999 च्या जूनमध्ये कॅनडातील कॅलगरी शहरी 'ओपनबीएसडी' या संगणक प्रणालीवर काम करणारी मोजकी मंडळी एकत्र जमली, तेव्हापासून तो रूढ झाला. 2009 साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'पेनअ‍ॅप्स' सुरू केले आणि विद्यार्थ्यांनीच आखलेल्या, विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या हॅकेथॉनची प्रथा विद्यापीठांत रुजली. भारतात 2017 पासून केंद्र सरकारच्या पुढाकाराने 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' होते. तेथे सहा जणांचा संघ असतो आणि त्यात किमान एक मुलगी असणे बंधनकारक आहे. सॉफ्टवेअर विभागाची अंतिम फेरी सलग 36 तास चालते.

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या हॅकेथॉनचे स्वरूप व्यापाऱ्याला परके वाटू नये. आयोजक मुले प्रायोजक शोधतात, खर्चाचा अंदाज बांधतात, सभागृह मिळवतात, इंटरनेटची आणि विजेच्या जोडण्यांची तजवीज करतात, परीक्षकांना निमंत्रणे धाडतात. शंभर मुलांचे जेवण वेळेवर आले नाही तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. सहभागी संघांपुढे एखादा प्रश्न असतो आणि ठरावीक तासांत त्यावर चालते उत्तर उभे करून दाखवायचे असते. कुणी संगणकाची आज्ञावली लिहितो, कुणी पडद्यावरची मांडणी करतो, कुणी परीक्षकांसमोर बोलण्याची तयारी करतो. मध्यरात्री अर्धे काम कोसळते. तेव्हा काय टाकून द्यायचे आणि काय वाचवायचे, हे चहाच्या पेल्यावर ठरवावे लागते. भांडवल अपुरे, मुदत ठरलेली, भागीदार नवखे आणि गिऱ्हाईक समोर उभे. पेढीचा पहिला दिवस याहून वेगळा नसतो.

पालकांच्या मनातील शंका मात्र खऱ्या आहेत. मुलगी रात्रभर बाहेर राहणार, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचे काय, कांदा-लसणाविना काही मिळेल का, हे प्रश्न हसण्यावारी नेऊ नयेत. आयोजकही विद्यार्थीच असल्याने त्यांना हे आधी कळवणे सोपे असते. डबा सोबत देता येतो, निवासाची व देखरेखीची व्यवस्था कोणाकडे आहे हे विचारता येते. शंका विचारून मुलीला पाठवणे आणि शंका आहे म्हणून घरी बसवणे, यांत फार अंतर आहे.

महाड आणि पोलादपूर येथील घरांना तर या विषयाशी अधिक जवळचे नाते आहे. मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव आणि महाड यांच्या दरम्यान लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याची स्थापना 1989 सालच्या कायद्याने झाली. तंत्रशिक्षण असे दाराशी असताना तेथील मुलांनी सोडवावा असा प्रश्नही दाराशीच उभा आहे. तो पाण्याचा.

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, घाट उतरून पोलादपूरजवळून वाहते, महाडपाशी तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्रास जाते. वर अतिवृष्टी आणि खाली भरती, अशी गाठ पडली की पाण्याला वाट उरत नाही. 2021 च्या जुलैमध्ये महाबळेश्वरी 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. 22 जुलैला महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. वीज नव्हती, फोन बंद पडले, रस्ते तुटले. दुकानदारांचे नुकसान मोजता तरी आले. गेलेल्या माणसांची खतावणी कोणी करावी?

अशा गावी हॅकेथॉनचा प्रश्न सोपा शब्दांत मांडता येतो: वर पडलेला पाऊस बाजारपेठेत किती तासांनी आणि किती उंचीने पोहोचेल? शासकीय इशारा जिल्ह्यासाठी किंवा तालुक्यासाठी असतो. दुकानदाराला तो आपल्या ओट्यासाठी हवा असतो. चार तास आधी कळले तर कापडाचे गठ्ठे, धान्याची पोती आणि हिशेबाच्या वह्या पोटमाळ्यावर चढवता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे म्हातारी माणसे सुरक्षित जागी हलवता येतात. फोन आणि वीज दोन्ही बंद पडतील हे गृहीत धरूनच हे उत्तर शोधावे लागेल. केवळ मोबाइलवर चालणारे अ‍ॅप येथे अपुरे आहे. बॅटरीवरचा भोंगाही लागेल.

हे सारे मुलांना लॅपटॉपवर सापडणार नाही. ते जुन्या दुकानांत आहे. 2005 साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, 2021 साली किती फळ्या बुडाल्या, आधी कोणती गल्ली भरते आणि शेवटी कोणती, हे गादीवरच्या माणसाला तोंडपाठ असते. ही माहिती तारीख, वेळ आणि उंचीसह वहीत उतरली, तर ती मुलांच्या हातचे खेळते भांडवल ठरेल. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या रोजमेळ लिहिला गेला, त्यांना ही नोंद अवघड नाही.

हॅकेथॉनची उणीवही सांगायला हवी. छत्तीस तासांत उभे राहते ते प्रारूप असते, तयार यंत्रणा नव्हे. बक्षीस वाटले जाते, छायाचित्रे निघतात, मुले परीक्षेला लागतात आणि पुष्कळशी प्रारूपे संगणकातच पडून राहतात. नदीकाठी बसवलेल्या मापकाला पावसाळ्यापूर्वी कोणीतरी तपासावे लागते, बॅटरी बदलावी लागते, चुकीचा इशारा गेला तर त्याचे कारण शोधावे लागते. दोनदा खोटा भोंगा वाजला की तिसऱ्यांदा कोणी पोती उचलत नाही. हे काम सदतिसाव्या तासाला सुरू होते आणि ते एकट्या मुलांच्या आवाक्यातील नाही.

येथे व्यापारी घराण्यांचा वाटा सुरू होतो. प्रायोजक म्हणून नुसती फलकावर नावे देण्यापेक्षा, निवडलेल्या एका प्रारूपाचा तीन पावसाळ्यांचा खर्च उचलणे अधिक मोलाचे आहे. त्याचा हिशेब दरवर्षी मागावा, मापकासाठी आपल्या गच्चीवर जागा द्यावी, नगरपालिका आणि तहसील कार्यालयाशी मुलांची गाठ घालून द्यावी. उधारी देताना माणूस जसा पारखला जातो, तसे प्रारूपही पारखावे. पण पारखून झाल्यावर हात आखडता घेऊ नये. मुलीला हॅकेथॉनला पाठवणे हा यातील सर्वांत सोपा भाग आहे. पुराच्या खुणांची वही तिच्या हाती देणे हा दुसरा भाग, आणि ती वही पुढील पावसाळ्यापूर्वी उघडता येईल.