टाळ कोण धरतं?

रॉकची गोडी लागलेल्या माणसाला गाणं कसंही करून मिळतं. सोबत मात्र मिळत नाही. मोठ्या शहरात दोन-चार समानधर्मी तरी भेटतात. लासूर स्टेशनात कोण भेटणार? जुनं लासूर शिवना नदीच्या काठावरचं, दाक्षायणी देवीच्या नावानं ओळखलं जाणारं. आमचं गाव रुळांच्या अंगानं वाढलेलं. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग, हंगामात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, लिलावाचा पुकारा आणि गाडी आली की घटकाभर जागा होणारा फलाट. इथं लग्नात डीजे वाजतो, सप्ताहात मृदंग वाजतो. डिस्टॉर्शन लावलेली गिटार गावात कुठंच वाजत नाही.

ती वाजायची फक्त माझ्या कानात. शिकायला असताना मी रेल्वेनं अपडाऊन करायचो. लासूर, पोटूल, दौलताबाद, औरंगाबाद. देवगिरीचा किल्ला खिडकीत यायचा, मागं पडायचा आणि कानात आयर्न मेडन सुरू असायचं. त्यांचं ‘फिअर ऑफ द डार्क’ हे गाणं 1992 च्या अल्बममधलं. त्यात गायक तोंड उघडण्याआधी गिटारवर एक धून येते. ती मला शब्दांपेक्षा जवळची होती. नकळत मी ती गुणगुणायचो. समोरच्या बाकावरचे काका विचारायचे, “काय म्हणतो रे?” त्यांना काय सांगणार? त्या धुनेला शब्दच नव्हते, आणि ती आणखी कुणाला येत असेल असं मला वाटतही नव्हतं.

1 फेब्रुवारी 2008, शुक्रवार. आयर्न मेडनचा जागतिक दौरा त्या दिवशी सुरू होणार होता आणि पहिला कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर होता. बँडचं स्वतःच्या नावानं रंगवलेलं बोइंग 757 विमान होतं आणि गायक ब्रूस डिकिन्सन त्याचा वैमानिकही होता. माणसं आणि वाद्यं घेऊन ते विमान लंडनहून निघालं. मी रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं निघालो. आमच्या मार्गावर मीटरगेज होतं तेव्हा मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. ब्रॉडगेज झालं आणि लासूरच्या फलाटावर चढलेला माणूस थेट मुंबईत उतरू लागला. रुळांमधलं अंतर वाढलं म्हणून माझं गाण्यापासूनचं अंतर कमी झालं, असं मी आजही मानतो.

आईनं बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. मैदानात खाण्याचं काही नेऊ देत नाहीत, म्हणून फाटकाबाहेरच्या रांगेत फडकं सोडलं. पुढं ईशान्येकडून आलेली तीन पोरं होती. दोन दिवसांचा प्रवास करून आलेली, काळे टी-शर्ट, छातीवर मेडनचं बोधचिन्ह, तो हाडांचा एडी. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागितली. आमच्यात धड एक भाषा नव्हती. अल्बमची नावं होती. एकानं एक नाव घ्यायचं, दुसऱ्यानं साल सांगायचं. फाटक उघडेपर्यंत आमचं बोलणं एवढंच चाललं आणि ते पुरलं. माझ्या जिल्ह्यात मला जे माणूस सापडलं नव्हतं, ते देशाच्या दुसऱ्या टोकाहून येऊन माझ्यापुढं रांगेत उभं होतं.

अंधार पडला. रंगमंचावर काळ्या कपड्यांतला एक माणूस येऊन एकेक गिटार उचलत होता, तारा जुळवून पाहत होता, मान हलवून ठेवून देत होता. तो गिटार टेक. त्याच्या प्रत्येक झंकारावर मैदान ओरडत होतं. मग दिवे गेले. स्टीव्ह हॅरिसच्या बासचे सूर कानाआधी छातीच्या पिंजऱ्यात शिरले. घोडदौडीसारखी त्याची ती बोटांनी वाजवलेली चाल मी शेकडो वेळा ऐकली होती. अंगावर कधी घेतली नव्हती. हेडफोनमध्ये बास ऐकू येतो. मैदानात तो बरगड्यांना धरून हलवतो.

त्या दौऱ्यात बहुतेक गाणी ऐंशीच्या दशकातली होती. ‘फिअर ऑफ द डार्क’ तेवढं नंतरचं. गिटारवर ती धून सुरू झाली आणि सगळं मैदान ती गाऊ लागलं. शब्द नसलेली ती धून. हजारो गळ्यांतून, एका सुरात, हात वर करून. अपडाऊनच्या डब्यात मी जी चोरून गुणगुणायचो, ती तिथं प्रत्येकाला येत होती. शेजारचा टाय लावलेला माणूस गात होता, ईशान्येची पोरं गात होती, मी गात होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. मला वाटत होतं, गाण्यात काही भर पडते आहे. घरी येऊन पुन्हा मूळ अल्बम लावला तेव्हा कळलं की भर पडली नव्हती. माझ्याकडे इतकी वर्षं होतं तेच गाणं अर्धं होतं. जी बाजू लोकांनी म्हणायची, तिच्या जागी तिथं नुसती गिटार होती.

परत आल्यावर गल्लीतल्या तात्यांनी गाठलं. तात्या टाळकरी. आमच्या भागातला कुठलाच सप्ताह त्यांनी चुकवला नसेल. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह श्रावणात असतो. दरवर्षी गाव वेगळं, परंपरा पावणेदोनशे वर्षांची. लाखो माणसं येतात. गावोगावच्या चुलींवर भाजलेल्या भाकरी ट्रॅक्टरनं येतात, मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते, आणि भजनाचा पहारा रात्रंदिवस मोडत नाही. त्या मांडवात उभं आयुष्य घालवलेल्या माणसानं माझं सगळं वर्णन ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तिथं टाळ कोण धरतं?”

मी म्हणालो, “सगळेच धरतात, तात्या.”

“मग बरंय,” ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय मिटला होता. माझ्या दृष्टीनं तिथून सुरू झाला. बुवा चरण सोडतात आणि टाळकरी ध्रुपद धरतात, तेव्हा टाळकऱ्याला कुणी श्रोता म्हणत नाही. तो कीर्तनातच असतो. तिकीट काढून मैदानात उभा राहणारा चाहताही असाच. तो ऐकायला आलेला नसतो; ऐकणं त्यानं घरी कधीच संपवलेलं असतं. तो आपली बाजू उचलायला आलेला असतो. देव आणि भक्ती यांची जागा तिथं नसते, हे मला ठाऊक आहे. पण पुष्कळ माणसांनी पाठ केलेलं एकाच वेळी मोकळं करणं, ही माणसाची जुनी भूक आहे, आणि ती मांडवात आणि मैदानात एकच आहे.

एकाच वेळी म्हणालो, पण तेही पूर्ण खरं नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. रंगमंचापासून 170 मीटरवर उभ्या माणसाला ड्रमचा ठोका अर्ध्या सेकंदानं पोहोचतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्येच स्पीकरचे मनोरे उभे करतात, त्यांना डिले टॉवर म्हणतात. रंगमंचाचा आवाज तिथवर पोहोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा तो मनोरा मुद्दाम थांबतो आणि मग वाजतो, म्हणजे मागच्यांना एकच ठोका दोनदा ऐकू येत नाही. वाद्यांची अशी सोय करता येते. माणसांच्या गळ्यांची नाही. पुढचे आधी गातात, मागचे किंचित नंतर. साउंडचं काम करणारी माणसं मैदानात ज्या चौथऱ्यावर बसतात, त्याच्या आसपास मी आता आवर्जून उभा राहतो. आवाज तिथं सगळ्यांत नेटका असतो, कारण सगळा मेळ तिथल्या कानांनीच घातलेला असतो. कानात फोमचे बोळे घालतो. आणि तिथं पुढच्यांचं गाणं समोरून येतं, मागच्यांचं पाठीवरून. कुणीही नेमक्या एका क्षणात नसतो, तरी गाणं फाटत नाही. मुंबईच्या मैदानात मला जितका भरवसा माणसांबद्दल वाटतो, तितका एरवी क्वचित वाटतो, त्याचं कारण हेच आहे.

रांगेत भेटणारी जुनी माणसं रंगभवनाच्या आठवणी सांगतात. धोबीतलावला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेलं ते खुलं नाट्यगृह. फरहाद वाडिया यांनी 1986 मध्ये सुरू केलेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव तिथंच नावारूपाला आला. भारतीय बँड तिथं घडले. रॉक मशीन, म्हणजे पुढचा इंडस क्रीड, यांना डोक्यावर घेणारा श्रोता तिथं घडला. मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालय आणि महाविद्यालयाजवळचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन या गाण्याला बंद झालं. रुग्णाला झोप हवीच. त्याबद्दल वाद नाही. पण त्या जागेचं नाव घेताना पन्नाशीच्या माणसांचा आवाज हलतो, तो मी ऐकलेला आहे. ज्या गाण्याला हक्काची जागा उरत नाही, ते मैदान मिळेल तिथं, वर्षातून एखाद्या रात्रीपुरतं उतरतं. 2022 च्या नोव्हेंबरात इंडिपेंडन्स रॉक मुंबईत पुन्हा उभा राहिला, तेव्हा बाप आपल्या वयात आलेल्या पोरांना घेऊन आले होते.

चाहत्याला वाट पाहणं चांगलं येतं. गन्स अँड रोझेस 2012 च्या डिसेंबरात मुंबईला आले, तेव्हा गायक ॲक्सल रोझ होता, गिटारवादक स्लॅश नव्हता. त्यानं 1996 मध्येच बँड सोडला होता. 2016 मध्ये तो परतला, आणि 17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर दोघं एका रंगमंचावर दिसले. स्लॅशची ती उंच काळी टोपी मोठ्या पडद्यावर आली, तेव्हा शेजारचा केस पिकलेला माणूस काही बोलला नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता उभा राहिला. यू टूनं 15 डिसेंबर 2019 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 1987 चा ‘द जोशुआ ट्री’ अख्खा वाजवला. बत्तीस वर्षांचा अल्बम, आणि त्या दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम. आपल्या गावी न आलेलं गाणं म्हातारं होत नाही. ते जेव्हा येईल तेव्हा पहिल्याच दिवसाचं असतं.

घरच्यांना हे समजावणं अवघड होतं. 26 जानेवारी 2025 ला कोल्डप्लेचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाईलवर थेट दाखवला गेला. मी तो टीव्हीला जोडला. अण्णा, म्हणजे माझे वडील, कांद्याच्या पट्टीचा हिशेब करत बसले होते. हजारो मनगटांवरचे पट्टे एका तालात रंग बदलत होते. अण्णांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “एवढी सगळी पोरं गाणं पाठ करून आली?” मी हो म्हणालो. ते बराच वेळ पाहत राहिले. गाण्यातलं त्यांना अक्षर कळलं नाही, पण पाठ करून येणं कळलं. पुढच्या वेळी मी मुंबईचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी विचारलं ते फक्त, येताना कुठल्या गाडीनं येणार.

गाडी पहाटेची तपोवन. कार्यक्रम दहाला संपतो. देवगिरी तोवर निघून गेलेली असते. कुर्ला, नेरूळ, महालक्ष्मी, कुठल्याही मैदानाहून लोकलनं सीएसएमटी गाठायचं आणि पथारी पसरलेल्या माणसांत जागा शोधायची. कान गुणगुणत असतात, घसा बसलेला, पायांत गोळे. त्या गर्दीत मनगटावर प्रवेशाचा पट्टा असलेला आणखी एखादा दिसतो. कुणी नगरचा, कुणी नांदेडचा. त्याला सरकून जागा द्यायची. मग पुन्हा तेच: कुठलं गाणं राहिलं, कुठलं अनपेक्षित आलं. सकाळपर्यंत कार्यक्रम आम्ही पुन्हा एकदा पुरा केलेला असतो.

तिकीट महाग असतं, हे खरं. कांद्याला भाव नसलेल्या साली मी गेलेलो नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही. मात्र एक मागणं आहे. समृद्धी महामार्ग लासूरजवळून गेला, मुंबई आणखी जवळ आली. आता रस्त्यांनी उलटही वाहावं. छत्रपती संभाजीनगरला मैदानं आहेत, कान आहेत. अभंग रिपोस्टसारखी पोरं गिटार-बास-ड्रमवर अभंग गातात. ती तात्यांच्या पुढ्यात गायला हवीत, कारण ध्रुपद कुठं धरायचं हे तात्यांना शिकवावं लागणार नाही.

तोवर माझ्या मागून येणाऱ्या अपडाऊनवाल्या पोराला, पोरीला एवढंच सांगतो. कानात असं काही वाजत असेल जे डब्यात कुणालाच ठाऊक नाही, तर त्याची लाज धरू नका आणि त्याचा दिमाखही मिरवू नका. ते नीट पाठ करा. पैसे साठवा, घरी सांगून जा, कानात बोळे घाला, आणि मैदानाच्या मधोमध उभे राहा. तुमची बाजू आली की पूर्ण आवाजात उचला. तेवढ्या जागेचं गाणं तुमच्यावाचून अडलेलं असतं.