विषम सालातले मतदान

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य
कार्तिक शुद्ध ५, रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दादांस,


राष्ट्राध्यक्ष गेल्याच वर्षी निवडला गेला असता यंदा तुझ्या घरी पुन्हा मतपत्रिका कसली आली, असे तुम्ही भाऊबीजेला फोनवर विचारलेत. त्याचे उत्तर दोन वाक्यांत आटोपण्याजोगे नव्हते, म्हणून हा पत्रप्रपंच. इकडची रीत अशी की, राष्ट्राध्यक्ष, राज्यपाल आणि विधिमंडळाचे सभासद सम सालांत निवडायचे, आणि नगर, शाळा, बंदर, अग्निशमन, क्वचित पाणी आणि मैला यांचाही कारभार पाहणारी माणसे विषम सालांत. मोठ्या निवडणुकीच्या गदारोळात लहान पदे बुडू नयेत, असे या विभागणीचे समर्थन करतात. परिणाम मात्र असा की, ज्या राज्यात २०२० साली नोंदलेल्या मतदारांपैकी ८४ टक्क्यांनी मत दिले, त्याच राज्यात २०२३ च्या नोव्हेंबरात जेमतेम ३६ टक्क्यांनी दिले. माझे शेजारी सुशिक्षित, सुस्थित आणि राजकारणावर रात्री उशिरापर्यंत वाद घालणारे आहेत. परंतु बंदर आयोगावर कोण उभे आहे असे विचारले, तर आपल्याला मत द्यावयाचा असा काही आयोग आहे याचेच त्यांस नवल वाटते.

तुमची हयात तालुका कचेरीत गेली, म्हणून येथील व्यवस्था थोडक्यात सांगते. मतदानाच्या सुमारे तीन आठवडे आधी मतपत्रिका टपालाने घरी येते. ती भरून गुप्ततेच्या आवरणात घालावयाची, मग बाहेरच्या लिफाफ्यात, आणि लिफाफ्यावरील प्रतिज्ञापत्रावर सही करावयाची. तिकीट लागत नाही. टपालाने पाठवावी किंवा रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीत टाकावी. सही दप्तरातील सहीशी पडताळून पाहतात, आणि ती जुळली नाही तर मतदारास पत्र लिहून दुरुस्तीची संधी देतात. बोटाला शाई नाही, केंद्राध्यक्ष नाही. शाळेत नोकरीला असताना ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मतपेट्या घेऊन एस.टी.ने गेलेल्या माझ्यासारखीला हे सारे प्रथम फार सुनेसुने वाटले.

आता मुख्य मुद्दा. या विषम सालांच्या विरळ मतदानातच एकेका मताला जे वजन येते, ते राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत कधीही येत नाही, आणि त्याचा सर्वांत बोलका दाखला २०१३ च्या नोव्हेंबरातला आहे. सिअ‍ॅटलच्या विमानतळाभोवती सीटॅक नावाचे एक लहानसे नगर आहे. तेथे विमानतळाशी संलग्न हॉटेले, वाहनतळ आणि सामानाची ने-आण यांत राबणाऱ्या माणसांना ताशी किमान १५ डॉलर वेतन मिळावे, असा ठराव नागरिकांनी सह्या गोळा करून मतपत्रिकेवर आणला. राज्याचे किमान वेतन त्या वेळी ९ डॉलर १९ सेंट होते. फेरमोजणी होऊन ठरावाच्या बाजूने ३,०४० आणि विरुद्ध २,९६३ मते पडली. म्हणजे अंतर अवघे ७७ मतांचे. पुढे खुद्द विमानतळाच्या हद्दीत हा कायदा लागू पडतो की नाही यावर २०१५ पर्यंत खटला चालला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो लागू पडतो असा निर्णय दिला. एका मोठ्या वाड्यातल्या माणसांनी त्या दिवशी मत टाकायचा कंटाळा केला असता, तर निकाल कदाचित उलटा लागला असता.

त्याच नोव्हेंबरात, पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांनी, सोळा वर्षे सिअ‍ॅटलच्या नगरसभेत बसलेल्या सभासदाचा पराभव केला, आणि २०१४ च्या जूनमध्ये त्या नगरसभेने पंधरा डॉलरांकडे टप्प्याटप्प्याने नेणारा कायदा मंजूर केला. २०२१ च्या डिसेंबरात त्यांना मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा प्रयत्न झाला, त्यातून त्या काहीशे मतांनी वाचल्या. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत, त्यांच्याच प्रस्तावावरून, जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारे सिअ‍ॅटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्यांची सर्व मते मला पटतात असे नाही, आणि त्या मनाईवरून आपल्याच लोकांत केवढे रण माजले तेही मी पाहिले आहे. परंतु ज्या निवडणुकीला येथे कोणी खिजगणतीत धरत नाही, तिच्यातून हा जातीचा प्रश्न सातासमुद्रापलीकडे येऊन सभागृहात उभा राहिला, एवढे नाकारता येत नाही.

माणसे निवडण्याविषयी माझी अशी श्रद्धा असली, तरी ठरावांविषयी माझे मन साशंक आहे. या राज्याने १९१२ साली घटनादुरुस्ती करून कायदा मांडण्याचा आणि विधिमंडळाचा कायदा अडविण्याचा अधिकार थेट जनतेस दिला. अधिकार थोर आहे. परंतु बाजाराच्या दारात पैसे घेऊन सह्या गोळा करणारा मनुष्य उभा असला, की त्या थोरपणाला थोडी धूळ बसते. २०१९ साली मोटारींचे वार्षिक शुल्क तीस डॉलरांवर आणणारा ठराव लोकांनी मंजूर केला, आणि पुढल्या वर्षी न्यायालयाने तो रद्द ठरविला. कारण एका कायद्यात एकच विषय असावा आणि तो शीर्षकात स्पष्ट असावा, या घटनेच्या दंडकात तो बसेना. घरपट्टीची कथा याहून नामी. २००१ साली लोकांनी असे ठरविले की, नवी बांधकामे वगळता, कोणत्याही स्थानिक संस्थेचे घरपट्टीचे उत्पन्न मतदारांस विचारल्यावाचून वर्षास एक टक्क्याहून अधिक वाढता कामा नये. २००७ साली न्यायालयाने तो कायदा मोडला, तर विधिमंडळाने त्याच महिन्यात घाईने तो पुन्हा जोडून दिला. पगार आणि इंधन तर टक्क्याला जुमानत नाहीत, तेव्हा प्रत्येक संस्था झोळी घेऊन मतदाराच्या दारी येते; आणि ज्यांनी मर्यादा घातली तेच लोक आता ‘किती हे प्रश्न विचारतात’ म्हणून कुरकुरतात!

यंदाच्या पत्रिकेवर रुग्णवाहिका आणि तातडीची वैद्यकीय सेवा यांच्यासाठी सहा वर्षांच्या मुदतीची पट्टी आहे. तिला मी विचार न करता होकार देणार. वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेसाठी राज्याने जो निधी उभारला आहे, तो शेअरबाजारात गुंतविण्याची मुभा देणारी घटनादुरुस्तीही आहे. असाच प्रश्न २०२० साली लोकांनी फेटाळला होता. राज्याने पाठविलेल्या पुस्तिकेत दोन्ही बाजूंचे युक्तिवाद छापलेले आहेत, ते मी दोनदा वाचले, आणि होकाराकडे कलले आहे. तरीही निवृत्त शिक्षिकेने गुंतवणुकीचा हा निवाडा करावा, याची मला मौज वाटते.

२०२२ साली आमच्या काउंटीने, मतदान वाढावे म्हणून, आपली मुख्य पदे सम सालांत हलविण्याचे मोठ्या बहुमताने ठरविले, आणि त्यामुळे यंदा निवडला जाणारा मुख्य कारभारी चारऐवजी तीनच वर्षे राहील. मी विरुद्ध मत दिले होते. लांबलचक पत्रिकेच्या तळाशी, राष्ट्राध्यक्षाचे नाव रंगवून दमलेला हात, नाव न वाचताच गोल रंगवील, ही माझी शंका अजून गेलेली नाही. मुलगा म्हणतो, थोड्यांनी काळजीपूर्वक निवडण्यापेक्षा पुष्कळांनी कशीबशी निवडणे लोकशाहीला धरून आहे. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि आमचा वाद मिटलेला नाही.

तुमच्या वाईच्या नगरपरिषदेवर मात्र गेली काही वर्षे प्रशासकच बसला आहे, आणि मुंबई महानगरपालिकेची मुदत तर मार्च २०२२ मध्येच संपली. सम आणि विषम असा वाद घालावयास निदान निवडणूक तरी हवी ना? आता सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हालचाल सुरू झाली आहे असे वाचते. प्रभागाची अंतिम मतदारयादी लागली म्हणजे तुमचे व वहिनींचे नाव तीत आहे ना, हे स्वतः जाऊन पाहावे. मागील खेपेस वहिनींचे नाव दुसऱ्याच प्रभागात निघाले होते.

वहिनींस सा. नमस्कार, मुलांस अनेक आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण,
शकू