आईला विचारण्याआधी

आमच्या मोहल्ल्यात बाळ गुटगुटीत असले की बायका 'माशाअल्लाह' म्हणत त्याला या कडेवरून त्या कडेवर घेतात. तेच मूल पंधराव्या वर्षी जाड झाले की त्याच बायका आईला विचारतात, "काय गं, काय खायला घालतेस हिला?" माझ्या भाचीबद्दल हा प्रश्न मी एका लग्नाच्या दस्तरखानावर ऐकला. पोरीने ताट बाजूला सारले. बहीण खाली मान घालून बसली.

म्हणूनच अमेरिकेतील एक अभ्यास मी लक्ष देऊन वाचला. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या सारा अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 977 मुलांची माहिती तपासली आणि 2012 साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. मुले सव्वा ते तीन वर्षांची असताना आई त्यांना कसा प्रतिसाद देते, मूल तिच्यापाशी किती निर्धास्त असते, याच्या नोंदी होत्या. ज्यांचे नाते सर्वांत दुबळे होते, त्यांतली 26.1 टक्के मुले पंधराव्या वर्षी लठ्ठ होती. ज्यांचे नाते चांगले होते, त्यांत हे प्रमाण 13 टक्के होते. मेंदूत ताण, झोप आणि भूक यांचा कारभार एकमेकांत गुंतलेला असतो. रडणे ऐकून घेणारे कोणी असले की मूल स्वतःला सावरायला शिकते. नाहीतर ते खाण्यात दिलासा शोधत असावे, असा कयास आहे.

पण चांगल्या नात्यातलीही शंभरात तेरा मुले लठ्ठ होतीच. दुबळ्या नात्यातली बहुसंख्य मुले लठ्ठ नव्हती. तेव्हा जाड मूल पाहून आईच्या मायेचे माप काढता येत नाही.

सूरह बकराच्या 233व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तो आपल्याकडे प्रत्येक सासूला पाठ असतो. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे आणि दूध तोडायचे ते दोघांच्या संमतीने व सल्लामसलतीने, असेही सांगितले आहे. तेवढा भाग मात्र सोयीने विसरला जातो. रात्रभर बाळ घेऊन जागलेल्या सुनेने पहाटे सगळ्या घराचा चहा-नाश्ता करायचा, आणि तान्ह्याच्या रडण्यातली भूक कोणती, भीती कोणती, हेही तिनेच ओळखायचे!

तिने ते ओळखावे, असे वाटत असेल तर आधी तिला चार तास शांत झोप मिळाली पाहिजे. तेवढा वेळ बाळ कोण घेणार, हा प्रश्न घरातल्या पुरुषांनाही विचारला पाहिजे.