कोंबड्यांची पाठवणी

नवी मुंबईच्या विमानतळासाठीं जीं दहा गांवें उठलीं, त्यांतील एकाचें नांव कोंबडभुजें. आम्ही त्याच गांवचे. तेव्हां घर सोडतांना पहिली पंचाईत पडावी ती सहा कोंबड्यांची, हें गांवाच्या नांवास शोभलें खरें! नव्या जागेस अंगण नव्हतें. अखेर त्यांना कणकवलीस बहिणीकडे पोंचवावयाचें ठरलें. वाट सुमारें ४०० किलोमीटरची.

कोंबडीस घाम येत नाहीं. उकाडा झाला कीं ती चोंच उघडून धापा टाकते, आणि दाटीवाटीच्या प्रवासांत भुकेपेक्षां उष्माच तिचा जीव आधीं घेतो. म्हणून २०१८ च्या डिसेंबरांत आम्ही रात्रीं निघालों. अंधारांत ती निमूट बसते. डालग्यांत पेंढा पसरला, वारा खेळता ठेवला. पाणी सांडेल म्हणून काकडीचे तुकडे टाकले. कशेडी घाटाच्या वळणांवर डालगें सरकूं लागलें, तेव्हां तें गुडघ्यांनीं दाबून धरलें.

सकाळीं बहीण दारांतच म्हणाली, “दादा, माझ्या कोंबड्यांत यांना सोडूं नको. मानमोडी आली तर सगळ्याच जातील.”

आम्हांस क्षणभर राग आला. पाहुण्यांना वेगळी पंगत! पण तिचें खरें होतें. हा रोग धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याबरोबरहि येतो. तीन आठवडे त्या मांगरांत राहिल्या. बहीण आपल्या कोंबड्यांना आधीं दाणे घाली, यांना मागाहून.

तांबडीनें महिनाभर अंडें दिलें नाहीं. “अजून रुसली आहे,” बहीण फोनवर सांगे. नव्या घरांत आम्हांसहि तेव्हां नीट झोंप येत नसे.